खोट्या घरातली तारीख

दुभाषीबाईला खेळ खेळताना कुणी कधी पाहिलेलं नाही. नऊ संगणक हाताखाली, शेकड्याने खेळ, आणि बाईला विचारलं की कुठला आवडतो, तर म्हणते, "मला झोप आवडते." दुसऱ्यांचे बंद पडलेले खेळ चालवून देणं हा तिचा धंदा. सुईण काही दर वेळी स्वतः बाळंत होत नाही.

सायकलच्या दुकानामागे तिची खोली. पुढे धाकटा भाऊ पंक्चर काढतो, मागे ही बसते. मधे एक पडदा, त्याला भावाने वर्षानुवर्षं ग्रीसचे हात पुसलेले. माणसं आधी भावापाशी येतात, घुटमळतात आणि हळूच म्हणतात, "एक जुना खेळ होता..." भाऊ मान न उचलता म्हणतो, "मागे. चपला काढू नका, तिथेच जास्त धूळ आहे."

काम समजायला सोपं आहे. जुने खेळ विंडोजसाठी बनलेले. ते विंडोज आता कुणाकडे उरलं नाही आणि नव्यावर ते उभे राहत नाहीत. बाईकडे असतं लिनक्स, फुकटचं, उघडं, ज्याला कळतं त्याने आत डोकं घालावं असं. त्यावर ती एक मधलं सॉफ्टवेअर बसवते. त्याचं नाव वाईन. "नाव दारूचं आणि काम दुभाष्याचं," भाऊ म्हणतो. "आमच्या ताईचं काम दुभाष्याचं आणि तोंड दारू प्यायल्याचं." खेळ आपल्या भाषेत काहीतरी मागतो, मधला ते लिनक्सच्या भाषेत पोचवतो आणि उत्तर परत आणतो. आपण परक्या घरात आहोत हे खेळाला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. त्यासाठी बाई प्रत्येक खेळाला एक वेगळा फोल्डर करून देते. त्यात सी ड्राइव्ह खोटी, सेटिंगच्या नोंदी खोट्या, वापरणाऱ्याचं नावसुद्धा सांगू ते. याला ती 'खोटं घर' म्हणते. नवी सून रडू नये म्हणून सासरच्या भिंतीला माहेरचा रंग लावून द्यावा, त्यातला प्रकार.

दुभाषी हे नाव मात्र संगणकाने दिलेलं नाही. चौदा वर्षं ती कोर्टात दुभाषी होती. परक्या भाषेतला साक्षीदार बोलायचा, ही न्यायाधीशाला सांगायची. दुभाष्याने मीठही घालू नये आणि पाणीही, हा तिचा नेम. एकदा एका म्हातारीने न्यायाधीशाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या, तर हिने त्या जशाच्या तशा, आवाजाच्या चढउतारासकट, भर कोर्टात ऐकवल्या. न्यायाधीश म्हणाला, "एवढं नेमकं नको होतं." बाई म्हणाली, "साहेब, गाळायचं असेल तर चाळणी ठेवा, मला कशाला ठेवलंत?" पुढे ते पदच उठवलं. ती भावाच्या दुकानात आली आणि भंगारात आलेले संगणक उघडत बसली. माणसांशी खरं बोलायचं आणि यंत्रांशी खोटं, असा तिचा हिशेब बसला तो बसला.

मोजणीदार तिच्याकडे आला तो हार्ड डिस्क छातीशी धरून. हा जमिनी मोजणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस, सत्तरीच्या पुढचा, काठीसारखा सरळ. बोलतानासुद्धा दोन शब्दांमधे सारखं अंतर ठेवणारा.

"हिच्यात माझ्या बायकोचं गाव आहे," तो म्हणाला.

"माहेर?"

"खेळातलं. मास्तरीण होती ती. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी खेळायची. मी नावं ठेवायचो. जाऊन नऊ वर्षं झाली. मला ते गाव एकदा बघायचंय."

खेळ साधा होता. एक छोटंसं गाव. आपली एक बाहुलीएवढी बाई, तिचं घर, दारापुढे वाफे, जरा पुढे विहीर. पाणी घालायचं, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायचे, शेवटी बाहुलीला चालवत नेऊन खाटेवर निजवायचं. निजवलं की तो दिवस जतन होतो. न निजवता बंद केलं तर दिवस वाया. आणि एक खोड होती. खेळ संगणकाचं कॅलेंडर बघायचा. तुम्ही चार दिवस आला नाहीत तर वाफे सुकायचे, महिना आला नाहीत तर शेजारी रुसायचे, वर्ष गेलं तर गाव सोडून जायचे.

बाईने रिवाजाप्रमाणे आधी नक्कल केली. मूळ वस्तूला ती कधी हात लावत नाही. नकलेत खेळ उघडला, तर त्याने नऊ वर्षं मोजली. कमरेएवढं गवत, घरांच्या दारांवर फळ्या ठोकलेल्या, वाफ्यांचा पत्ता नाही. बाहुली विहिरीपाशी उभी, तेवढीच काय ती.

हे म्हाताऱ्याला दाखवायचं कसं? बाईने यंत्राशी खोटं बोलायचं ठरवलं. त्याला दोन रस्ते असतात. एक, खेळाला सांगायचं की आजच्या तारखेतून नऊ वर्षं वजा कर. मग दिवस रोज पुढे सरकतात, मागे राहूनच, पण सरकतात. दुसरा, एकच तारीख खुंटीला टांगायची. जेव्हा उघडशील तेव्हा हीच सकाळ. हट्टी खेळांना बाई नेहमी दुसरी रीत लावते, कारण तिच्यात भानगड कमी. इथेही हाताच्या सवयीने तीच लावली. मास्तरणीने शेवटचं जतन केलं होतं सोळा तारखेला. बाईने टांगली सतरा, सकाळचे नऊ.

जतन केलेलं गाव खेळाला सापडायला वापरणाऱ्याचं नाव जुळावं लागतं. मास्तरणीच्या जुन्या विंडोजवर नाव होतं 'ठकू', लहानपणचं. बाईने लिनक्सवर ठकू नावाचं खातं उघडलं आणि मोजणीदाराला बाकी काही दाबावं लागू नये म्हणून अशी सोय केली की बटण दाबलं की यंत्र ठकूला आपोआप आत घेईल आणि खेळ सुरू होईल. हे सगळं त्याच्या घरी जाऊन त्याच्याच यंत्रावर लावून दिलं. वाफे हिरवेगार, शेजारी हात हलवतायत, बाहुली विहिरीपाशी. मोजणीदार खुर्ची ओढून समोर बसला. बाईला दारापर्यंत सोडायलाही विसरला.

सात महिन्यांनी त्याची लेक दुकानात आली. भावाने सायकल बाजूला घेतली तरी तिला वाट दिसेना, इतकी ती चिडलेली.

"तुम्हीच का त्या, माझ्या बापाला यंत्र देणाऱ्या?"

"यंत्र त्यांचंच. मी घर दिलं," बाई म्हणाली. "काय झालं?"

"गोळ्या घेत नाहीत. हृदयाच्या. आठ वर्षांमागे झटका आला तेव्हापासून रोज चार चालू होत्या, एक चुकायची नाही. आता डबी उघडत नाहीत. खाट त्या खोलीत नेली. विचारलं, तर म्हणतात, सतरा तारखेला मला कुठे गोळ्या होत्या?"

बाईचा पेचकस हातातच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस असंच चाललं तर हृदय तग धरणार नाही. मी न्यायला आलेय त्यांना, माझ्या घरी. ते म्हणतात, उद्या नऊला मला इथे असायला हवं. रोज उद्याच!"

पडद्यापलीकडून भाऊ म्हणाला, "ताई, तारीख तू टांगलीस?"

"मीच."

"मग काढ उतरवून."

बाईने चप्पल घातली, आपला कीबोर्ड पिशवीत टाकला आणि लेकीबरोबर निघाली. सकाळचे साडेदहा झाले होते. ऊन चांगलं स्वच्छ होतं आणि रस्त्यावर लोक आपापल्या कामाला लागलेले.

मोजणीदाराच्या खोलीत पडदे उघडे होते. सगळं टापटीप. भिंतीशी खाट, मधे मेज, मेजावर फक्त संगणकाचा पडदा. ना कीबोर्ड, ना माऊस. म्हातारा खुर्चीत बसलेला, ओठ जांभळट. त्याने मान वळवली नाही.

"या. आता पाणी घालायची वेळ झाली."

पडद्यावर बाहुली चालत होती. विहिरीवरून वाफ्याकडे, वाफ्याकडून विहिरीवर. हातात कळशी.

"कीबोर्ड कुठंय?" बाईने विचारलं.

"कपाटात. मला कुठे येतं ते? मी बघतो नुसता."

"मग चालवतं कोण?"

"ती चालते," मोजणीदार म्हणाला. सूर्य उगवतो म्हणावं तसा.

बाईने मेजाखाली वाकून पाहिलं. यंत्राला मागे दोनच वायरी. एक विजेची, एक पडद्याची. तिच्या दुकानात याच खेळाची नक्कल होती. मधे एकदा ती दिवसभर चालू ठेवून विसरली होती, तर संध्याकाळी बाहुली विहिरीपाशी मैलाच्या दगडासारखी जिथल्या तिथे उभी. कळ दाबल्याशिवाय हा खेळ पापणीसुद्धा हलवत नाही. हे तिला माहीत होतं, आणि समोर बाहुलीने कळशी खाली ठेवून पदर सारखा केला. पदर सारखा करण्याचं चित्र त्या खेळात नाही.

लेक दारातच उभी होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तीच काय ती शांत होती.

"बाबा, गोळी घ्या."

"थांब गं. अकरा वीस होऊ दे."

"अकरा वीसला काय?" बाईने विचारलं.

"त्या दिवशी पाणी घालून आत आली. म्हणाली, पडते जरा. अकरा वाजून वीस मिनिटं. मी घड्याळ लावत होतो भिंतीवरचं, म्हणून वेळ पक्की." मोजणीदाराने बांध मोजावा तसं सांगितलं. "मग उठली नाही."

सतरा तारीख. बाईने नकळत नेमकी तीच सकाळ टांगली होती. शेवटचं जतन सोळाचं, म्हणजे पुढचा दिवस सतरा, इतकाच तिचा विचार. दुसऱ्या दिवशी जतन का नाही, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

अकरा वीसला बाहुली वळली, दार उघडून आत गेली, खाटेवर पडली. दिवस जतन झाला. मोजणीदाराने हात लांबवून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला आणि त्यात तिघांची तोंडं दिसायला लागली.

"झालं आजचं," तो म्हणाला. "उद्या नऊला."

बाईने त्याला विचारून यंत्र पुन्हा लावलं, कीबोर्ड जोडला आणि आपल्या वेगळ्या खात्यातून आत शिरली. मास्तरणीच्या जतनांची फाईल लिनक्सच्या खऱ्या कॅलेंडरात पडलेली होती, खोट्या घराच्या बाहेर. तिथली नोंद खोटं बोलत नाही. दोनशे अकरा दिवस, रोज एक जतन, रोज अकरा वीस. एकाही दिवसाची सुट्टी नाही. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली, जशी कोर्टात साक्षीदार धरतात.

मग ती खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसली.

"काका, चूक माझी. तारीख मी अडकवली. आता मला ती सोडवायचीय. खेळाला खरी तारीख सांगणार. तो नऊ वर्षं मोजेल आणि गाव ओसाड होईल. मी नकलेत पाहिलंय. तुमच्यासमोर करते, चोरून नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पंधरा दिवस, डॉक्टर म्हणतात."

"मला वेड लागलंय असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. वेड्याला वेळ पक्की नसते."

मोजणीदार हसल्यासारखा झाला. "मला आजची तारीख माहीत आहे हो. रोज सकाळी दूधवाला सांगतो. पण ती खाटेवर जाते तेव्हा कुणीतरी तिथे असायला नको? त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दोनशे अकरा वेळा मी पाठ फिरवली नाही."

लेकीने तोंड फिरवलं. असल्या वाक्यात बाईने काय घालायचं आणि काय काढायचं?

"पण ती दमते," म्हातारा म्हणाला. "कालपासून बघतोय. विहिरीवर थांबते मधेच, कमरेवर हात ठेवून. रोज तेच पाणी, रोज तेच वाफे." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "करा."

बाईने टांगलेली तारीख खोडली. खेळ सुरू केला.

पडदा बराच वेळ काळा राहिला. आत तो मोजत होता. यंत्राच्या पंख्याचा आवाज वाढत गेला, मग एकदम थांबला. गाव आलं. गवत कमरेपर्यंत. घरांच्या दारांवर फळ्या. शेजारी कुणी नाही. नकलेत होतं तसंच सगळं, दोन गोष्टी सोडून. विहिरीपासून मास्तरणीच्या दारापर्यंत गवताची एक काडी नव्हती. स्वच्छ, पायाखालची, दडपलेली वाट. ह्या खेळात चाललेल्या जागेवर गवत धरत नाही, तेव्हा तेवढं बाई स्वतःला समजावू शकली. दोनशे अकरा दिवस येणं-जाणं झालंय.

दुसरी गोष्ट समजावता येईना. बाहुली नव्हती.

खेळाला बाहुलीशिवाय चालताच येत नाही. तिच्याच मागे त्याची नजर, म्हणजे पडद्यावरचं चित्र, फिरते. आणि नजर तर फिरत होती. वाटेवरून दारापर्यंत गेली, दाराशी थांबली, वळली, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याने निघाली. सावकाश, कुणीतरी पायी चालावं त्या गतीने. गवत दोन्ही बाजूंना वाकत होतं. रस्ता संपतो तिथे चित्रच संपतं, पुढे नुसता राखाडी रंग. नजर तिथे थांबली आणि मग हलली नाही.

रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"निघाली," मोजणीदार म्हणाला. "बरं झालं." मग लेकीकडे वळून, "डबी आण. पाणी कोमट आण, गार नको."

लेकीने गोळ्या दिल्या. त्याने चारही एकदम घेतल्या, घोट घेतला आणि खाटेखालची बॅग दाखवून म्हणाला, "कपडे भर. चष्मा पण. जाऊ तुझ्याकडे. डॉक्टरकडे होऊन जाऊ." लेक कपडे भरायला लागली, अर्धे रडत, अर्धे घडी न घालता. "अगं, माझी आई पण याच्यापेक्षा बरी घडी घालायची," असंही तो म्हणाला.

दारात जाऊन तो थांबला. काठी नव्हती, म्हणून चौकट धरली.

"बाई, एक काम. तिचं ते खातं यंत्रातून काढून टाका. माझ्यासमोर. नाहीतर मी परत येईन आणि बटण दाबेन. मला मी माहीत आहे."

बाईने खेळ बंद केला. ठकूला यंत्रातून बाहेर काढलं. आत कोण कोण आहे याची यादी मागितली, तर एकटं तिचंच नाव आलं. मग तिने खातं पुसायची ओळ लिहिली आणि कळ दाबली.

यंत्राने एक ओळ परत दिली. ठकूचं खातं काढता येत नाही. ठकू सध्या काम करते आहे.

बाईने यादी पुन्हा मागितली. तिचं एकटीचं नाव. पुन्हा पुसायला सांगितलं. पुन्हा तीच ओळ.

"काय म्हणतंय?" मोजणीदाराने दारातून विचारलं. त्याचा चष्मा लेकीने बॅगेत टाकला होता. डोळे बारीक करून तो पडद्याकडे बघत होता आणि एक पाऊल आत आलंसुद्धा होतं.

चौदा वर्षं कोर्टात आणि त्यानंतर पडद्यामागे, बाईने माणसाला कधी चुकीचा अर्थ सांगितला नव्हता. खुन्याला नाही, न्यायाधीशाला नाही, भावालासुद्धा नाही. ती उठली आणि पडदा पाठीने झाकून उभी राहिली.

"झालं म्हणतंय, काका. पुसलं गेलं."

"काही राहिलं नाही?"

"काही नाही."

त्याने मान हलवली. जमीन मोजून झाल्यावर साखळी गुंडाळायला सांगावी, तशी. लेकीने बॅग उचलली, दुसऱ्या हाताने बापाचं कोपर धरलं. जिन्यावर त्यांचे आवाज खाली खाली जात राहिले. तो पायऱ्या मोजत होता, ती म्हणत होती, "बाबा, घरात तरी नका मोजू." मग खालचं दार लागलं.

बाई खुर्चीत बसली. खातं जबरदस्तीने पुसायची एक आज्ञा असते, कोण काम करतंय ते न बघता. तिला ती तोंडपाठ होती. तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि परत मांडीवर घेतले. भर दुपारची वेळ, खिडकीतून ऊन मेजावर आलेलं, खोलीत ती एकटी. न्हाणीघरात कुणी असलं की आपण बाहेर थांबतो, दार वाजवत नाही, तशी ती थांबली.